पंचवीस मिनिटांचा हिमालय

नेपाळचा नकाशा मी फुटपट्टीने मोजला. सोनौली ते काठमांडू, काठमांडू ते पोखरा, पोखरा ते परत सोनौली, अशी सगळी अंतरं काढली, साठने भागली आणि जे आलं ते तास म्हणून रजिस्टरात लिहून टाकलं. डोंगरातला रस्ता वळतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण फुटपट्टी सरळ असते, आणि माझा तिच्यावर विश्वास होता. मोबाइल त्याच रस्त्याला दहा-अकरा तास दाखवत होता. मला वाटलं, तो पायी जाणाऱ्याचा वेळ सांगत असावा.

पांढरकवडा

मी बत्तीस वर्षं लाल गाडीच्या डेपोत काढली, त्यातली शेवटची चौदा वाहतूक नियंत्रक म्हणून. कोणती गाडी किती वाजता सुटेल, कुठे किती मिनिटं थांबेल, हे ठरवणारा माणूस मीच. गाडी तशी सुटायची नाही हा भाग वेगळा. कागदावर ती अगदी वेळेत सुटायची, आणि कागद माझ्याकडे असायचा.

त्यामुळे निवृत्तीनंतर पहिल्यांदा देशाबाहेर, तेही स्वतःच्या गाडीने जायचं ठरल्यावर वेळापत्रक दुसऱ्या कोणी करावं हा प्रश्नच नव्हता. गाडी किसन राठोडची. किसन बाजूच्या तांड्यावरचा, माझा वीस वर्षांचा दोस्त. घरची कापूस-तुरीची शेती, आणि अलीकडेच घेतलेली सात सीटर. शेवटची वेचणी झाली होती, तूर घरात आली होती, म्हणून फाल्गुनातले बारा दिवस त्याने मोकळे काढले. त्याच्या बायकोने गाडी लागते म्हणून हात जोडले. राहिलो आम्ही तिघं: किसन, मी आणि आमची विमल.

मी रजिस्टरात पाच रकाने आखले. ठिकाण, आगमन, थांबा, प्रस्थान, शेरा. बातमी गल्लीत गेली आणि आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी लोक जमू लागले. एकाने जनकपूर घालायला लावलं, दुसऱ्याने कुठलीशी गुंफा. एका ट्रॅव्हल्सबरोबर जाऊन आलेले शेजारी म्हणाले की गेंडे पाहिले नाहीत तर नेपाळला जाऊन काय केलं. मी कोणालाच नाही म्हटलं नाही. तालुक्यातल्या प्रत्येक सरपंचाने मागितलेला थांबा देण्याची सवय अशी एका वर्षात जात नाही. सहा दिवसांत सदतीस थांबे झाले. सुरुवात तर आणखी भारी. कळंबच्या चिंतामणीला नारळ फोडून निघायचं म्हणून आम्ही नागपूरचा सरळ रस्ता सोडून आधी उलट्या अंगाला जाणार होतो.

विमलने एकही थांबा मागितला नाही. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं चौथीला शिकवत होती. दरवर्षी हिमालयाचा धडा आला की फळ्यावर खडूने तीन त्रिकोण काढायचे, टोकांना पांढरं भरायचं आणि पोरांना सांगायचं की हा बर्फ. अठ्ठावीस वर्षांत गारांपलीकडे बर्फ तिने पाहिला नव्हता. शिमल्याचं एकदा ठरलं होतं. ऐन वेळी यात्रेच्या जादा गाड्या निघाल्या आणि माझी रजा रद्द झाली. तिने भरलेली बॅग उघडली आणि कपडे परत कपाटात ठेवले. असं किमान पाच-सहा वेळा झालं असेल. मी मोजलं नाही, तिने मोजलं असावं.

रजिस्टर पूर्ण झाल्यावर मी ते तिच्यापुढे धरलं. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "मले फक्त एक डोंगर पाह्याचा हाये. बर्फाचा. एका जागी बसून. बाकी तुमाले वाटन तिथं फिरवा."

मी लगेच सोय केली. चौथा दिवस, पोखरा, हिमशिखर दर्शन: आगमन ५.४०, प्रस्थान ६.०५. तिने त्या दोन आकड्यांकडे जरा वेळ पाहिलं आणि स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, खूश झाली.

सोनौली

मधले दोन दिवस सोडून देतो. नागपूर, जबलपूर, पुढचा सगळा सपाट मुलूख, यात माझी फुटपट्टी खरी ठरली आणि माझी छाती फुगत गेली. किसनला मी दर शंभर किलोमीटरला सांगत होतो, पाह्य, चार मिनिटं आधी.

सीमेवर पहिला घाव पासपोर्टावर बसला. आम्ही तिघांनी खास या प्रवासासाठी पासपोर्ट काढले होते. फोटोत मी गुन्हेगार दिसतो, तरी मला त्याचा अभिमान होता. कोरी पानं घेऊन मी खिडकीशी गेलो. आतल्या माणसाने पासपोर्ट पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि जा म्हणाला. मी शिक्का मागितला. भारतीयांना शिक्का लागत नाही, असं तो म्हणाला. लागत नसला तरी एक मारा, असं मी म्हटलं. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं आणि किसनने मला दंडाला धरून बाजूला नेलं. पहिला परदेश, आणि गावात दाखवायला पुरावा नाही.

मग गाडीचा परवाना. त्याला तिकडे भन्सार म्हणतात. किती दिवस, असं विचारल्यावर मी रजिस्टर उघडून ठणकावून सांगितलं, सहा. किसन म्हणाला, दोन जास्त घेऊन ठेवू. मी म्हटलं, वेळापत्रकात सहाच आहेत. सातव्या दिवशी गाडी नेपाळात दिसली तर भानगड, हे कारकुनाने समजावून सांगितलं. मी मान डोलावली. कागद हाती यायला अकरा वाजले. रजिस्टराप्रमाणे आम्ही तेव्हा लुंबिनी पाहून पन्नास किलोमीटर पुढे असायला हवं होतं. लुंबिनी परतीवर टाकली. हा पहिला खोडलेला थांबा.

त्यापुढच्या रस्त्याबद्दल सभ्य माणसाने लिहू नये. रुंदीकरण चालू होतं. म्हणजे जुना रस्ता काढून टाकला होता आणि नवा यायचा होता. धुळीने पुढची बस दिसेना. साठ भागिले साठ एक तास, असं मी ज्याला लिहिलं होतं तिथे साडेतीन तास गेले. रस्त्यात चहाला थांबलो की मी विचारायचो, पुढचं गाव किती लांब. उत्तर ठरलेलं असायचं, "एकैछिन." याचा अर्थ एक क्षण. या एका क्षणात दोन तासही बसतात हे मला तिसऱ्या टपरीवर कळलं. संध्याकाळी सहाला, रजिस्टराप्रमाणे पशुपतिनाथाची आरती ऐकायला हवी होती तेव्हा, आम्ही नारायणगढला एका लॉजच्या ओसरीवर नाकातली धूळ काढत बसलो होतो. काठमांडू अजून दीडशे किलोमीटर होतं.

मुगलिंगच्या अलीकडे

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना पहाटेच उठवलं. लॉजवाल्याने बजावून सांगितलं होतं की पुढे दरड काढायचं काम चालू आहे, दहाला रस्ता बंद करतात तो दोनला उघडतात, त्याआधी पार व्हा. आम्ही फाटकाशी पोहोचलो तेव्हा माझ्या घड्याळात नऊ पन्नास झाले होते. फाटक मात्र पडलेलं होतं.

मी उतरलो. शिट्टीवाल्या पोलिसाला माझं घड्याळ दाखवलं. त्याने त्याचं दाखवलं. दहा वाजून पाच. मी त्याला म्हटलं, तुझं घड्याळ पुढे आहे. तो म्हणाला, माझं नाही, देशाचं आहे.

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं. हे मला सीमेवर किसनने सांगितलं होतं. विमलने तर रात्रीच तिचं घड्याळ लावून घेतलं होतं. पंधरा मिनिटांसाठी काटे कोण फिरवतं, परत जाताना पुन्हा फिरवावे लागतील, असं मी दोघांनाही उत्तर दिलं होतं. ज्या माणसाने दोन मिनिटं उशिरासाठी ड्रायव्हरांचे खुलासे मागवले, तो पाच मिनिटांनी चार तास हुकला. विमलने डबा काढला आणि भाकरीवर जवसाची चटणी घालून माझ्या हातात दिली. त्या भाकरीची मला फार भीती वाटली.

किसन मात्र खुशीत होता. तो रांगेतल्या एकेका ट्रकजवळ जाऊन गप्पा मारायला लागला. त्याची हिंदी, त्यांची हिंदी, मध्ये तंबाखूची पुडी. अर्ध्या तासाने तो सगळी खबर घेऊन आला. काठमांडूकडे पुढे आणखी दोन ठिकाणी असंच फाटक आहे. पोखऱ्याकडे एकच आहे. काठमांडू धरलं तर पोखऱ्याला दोन दिवस तरी जात नाही.

मी रजिस्टर उघडून दिवस इकडून तिकडे सरकवायला लागलो. मध्ये एखादा थांबा दहा मिनिटांनी कापायचा, तिकडचा मुक्काम इकडे. किसनने थोडा वेळ पाहिलं.

"भिया, आमचा आजा बैलाइच्या पाठीवर मीठ घालून पार हैदराबादेपावतर जाये," तो म्हणाला. "पुढच्या पान्यावर कोनी भेटलं का विचारे, चारा हाये का, वाट कशी हाये, मंग मुक्काम ठरवे. त्याच्यापाशी वही नव्हती."

मी म्हटलं, म्हणूनच त्याला हैदराबादेला जायला चार महिने लागायचे.

"लागे. पन पोचे ना," किसन म्हणाला.

दोनच्या ऐवजी अडीचला फाटक उघडलं. मुगलिंगला रस्ता फुटतो. उजवीकडे काठमांडू, डावीकडे पोखरा. किसनने गाडी कडेला घेतली आणि मागे वळून विमलकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, विमलकडे. तिने डाव्या खिडकीकडे बोट केलं. असे एका बोटासरशी माझे एकोणीस थांबे गेले. पशुपतिनाथ गेला, आणि गल्लीतल्या सहा घरांना कबूल केलेले रुद्राक्षही गेले.

पोखऱ्याच्या वर

शहराच्या वर डोंगराच्या कुशीत एक वस्ती आहे. तिथे मायादिदी नावाच्या बाईने घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या होत्या. हे ठिकाण रजिस्टरात नव्हतं. किसनने वाटेत एका भाजीवाल्याला विचारून काढलं होतं. अंगणाच्या उत्तरेला दरी, आणि दरीपलीकडे हिमालय, असं सगळे म्हणत होते. आम्हाला दिसली ती धूळकट पांढरी भिंत, तुरीच्या काड्या पेटवल्यावर शिवारावर धूर बसतो तशी. फाल्गुनात असंच असतं, पाऊस पडला तर उघडतं, असं मायादिदीने सांगितलं. मी विचारलं, पाऊस कधी. ती म्हणाली, पडेल तेव्हा.

तिसऱ्या दिवशी भिंत. चौथ्या दिवशी, पाच चाळीस ते सहा पाच, भिंत. मी तेवढी पंचवीस मिनिटं थंडीत उभा राहिलो आणि खोडलं. विमल त्यानंतरही बसून राहिली. मी तिला म्हटलं, निदान गुंफा तरी पाहू, तलाव पाहू, आलो आहोत तर. ती म्हणाली, तुम्ही जा. मग मी आणि किसन दीड दिवस थांबे उरकत फिरलो. गुंफेत माझं डोकं आपटलं. तलावात नाव एकाच जागी गोल फिरत राहिली, कारण आम्ही दोघंही एकाच अंगाने वल्हवत होतो. धबधबा पाहिला तेव्हा पाणी कमी होतं. प्रत्येक ठिकाणी मी आगमन-प्रस्थान लिहिलं. आता वाचताना मला त्यातलं काहीही आठवत नाही, टेंगूळ सोडून.

परत आलो की विमल तिथेच दिसायची, अंगणाच्या कडेच्या पायरीवर, उत्तरेकडे तोंड करून. मायादिदीबरोबर मटार सोलत. दोघींचं चांगलं जमलं होतं. मायादिदीने पहिल्या जेवणात गुंद्रुक वाढलं. हिरवा पाला आंबवून, वाळवून ठेवतात, त्याचं आंबटसर कालवण. विमलने एक घास घेतला आणि म्हणाली, आपण हरभऱ्याची भाजी वाळवून ठेवतो ना, तिचीच ही बहीण. मग वाळवायचं कसं, किती दिवस, कोणत्या उन्हात, यावर दोघी अर्ध्या हिंदीत आणि अर्ध्या हातवाऱ्यांत तासभर बोलल्या. त्या तासात मी पाच वेळा दरीकडे पाहून आलो. मला त्या डोंगराचा राग यायला लागला होता. बत्तीस वर्षांत असा बिनदिक्कत गैरहजर राहणारा कर्मचारी मी पाहिला नव्हता.

पाचव्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर विमल खोलीत गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी डोकावलो. ती बॅग भरत होती. उद्या सहावा दिवस, संध्याकाळपर्यंत गाडी सीमेबाहेर हवी, म्हणजे पहाटे अंधारातच निघायला हवं. तिने लुगड्याची घडी हाताने दाबून बसवली.

"राह्यलं तं राह्यलं," ती म्हणाली. "काही डोंगर पळून नाही जात."

आवाजात रुसवा नव्हता. शिमल्याच्या वेळी कपडे कपाटात ठेवताना होता तसाच तो आवाज होता, आणि त्या आवाजाला मी तेव्हा समजूतदारपणा समजलो होतो. मी रजिस्टर खाटेवर टाकलं आणि किसनला म्हटलं, गाडी काढ. परवाना वाढवून आणतो. पाहिजे तितके दिवस थांबू.

विमल म्हणाली, लुंबिनीचं काय, जनकपूरचं काय. मी म्हटलं, रद्द. हा शब्द मी आयुष्यात हजारदा लिहिला असेन. तिच्या बाजूने पहिल्यांदाच.

कारणाचा रकाना

खाली शहरात पोहोचेपर्यंत आभाळ काळं झालं आणि कार्यालयाच्या दारात शिरताना गारांसकट पाऊस सुरू झाला. आत पत्र्याखाली असा आवाज, की कारकुनाचं बोलणं ऐकायला मला खिडकीत डोकं घालावं लागत होतं. नेपाळी ढाका टोपी घातलेला, शांत माणूस. त्याने फॉर्म दिला. गाडीचा नंबर, नाव, आधीची मुदत, हवी असलेली मुदत, आणि शेवटी कारण.

मी लिहिलं, बर्फाचा डोंगर दिसला नाही.

त्याने ते वाचलं, मग मोठ्याने वाचलं. मागच्या बाकावरचे दोन ट्रकवाले हसले. कारकून म्हणाला की हे चालणार नाही. आजारपण, गाडीचा बिघाड, रस्ता बंद, यातलं काहीतरी हवं. मी म्हटलं, खरं कारण हेच आहे. तो म्हणाला, खरं असेल, पण कारण नाही.

हे वाक्य मी ओळखलं. ते माझंच होतं. झरीच्या जंगलातून येणाऱ्या एका ड्रायव्हरने एकदा उशिराच्या खुलाशात लिहिलं होतं की रस्त्यात मोर नाचत होते, प्रवाशांनी गाडी थांबवायला लावली. मी लाल शाईने खोडून 'टायर पंक्चर' लिहायला लावलं होतं, आणि त्याला वर अक्कलही शिकवली होती. आता मी त्याच ड्रायव्हरसारखा खिडकीत वाकून उभा होतो. मी कारकुनाला सगळं सांगायला लागलो. बायको, चौथीचा वर्ग, तीन त्रिकोण, शिमला. हिंदी माझी आधीच अडखळती, त्यात पत्र्याचा आवाज. मध्येच तो आवाज थांबला. आणि बाहेरून किसनची हाक आली. भिया, भिया, अशी, गाडीला आग लागल्यासारखी.

कारकून उठला. त्याने फायलींचं कपाट थोडं सरकवलं आणि मागची खिडकी उघडली. जाळी होती. जाळीपलीकडे एका बँकेची भिंत, भिंतीवर टाकी, टाकीच्या वर विजेच्या तारा. त्या तारांच्याही वर, जिथे मी आभाळ समजत होतो तिथे, पांढरं काहीतरी उभं होतं. उन्हात. मी तीन दिवस त्याला बरंच खाली शोधत होतो.

कारकुनाने फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "अंकल," तो म्हणाला, "आपका कारण तो अभी खतम हो गया."

मी फॉर्म तिथेच टाकून पळालो. वर वस्तीपर्यंत चाळीस मिनिटं. पावसाने रस्त्यावर माती आलेली, समोरून शाळेची बस, एका वळणावर म्हशी. किसन शिव्या देत होता, मी देवाला हाक मारत होतो. घरांच्या फटींतून डोंगर दिसायचा आणि जायचा. आधी पांढरा, मग पिवळा, मग तांब्याच्या हंड्यासारखा. शेवटच्या चढावर मी गाडीतून उतरून धावलो, कारण किसनच्या गाडीपेक्षा मी वेगाने धावतो असा माझा समज झाला होता. किसन मला मागे टाकून पुढे गेला.

अंगणात पोहोचलो तेव्हा तो राखेच्या रंगाचा झाला होता. कडा तेवढी कळत होती. मग तीही ढगात गेली.

विमल पायरीवर होती. खांद्यावर मायादिदीची शाल, पुढ्यात मटाराची टोपली तशीच, अर्धी सोललेली. मला धाप लागली होती, म्हणून तीच आधी बोलली. सावकाश, वर्गात बोलायची तशी.

"मी समोरच पाह्यत राह्यली," ती म्हणाली. "तो वरतं होता. पार वरतं, मान दुखे एवढा. अठ्ठावीस वर्सं पोराइले मी लय ठेंगना काढून दाखवला."

मी विचारलं, किती वेळ दिसला. ती म्हणाली, तासभर तरी. तिने घड्याळ पाहिलं नव्हतं.

मी तिच्या शेजारी बसलो. म्हटलं, मी इथे असायला हवं होतं. तिने माझ्या चिखलाने भरलेल्या पँटकडे पाहिलं, मग पुन्हा दरीकडे, आणि टोपली ओढून मटाराची शेंग फोडली.

"तुमी नव्हते," ती म्हणाली, "म्हनून तं निवांत पाह्यला."